अजून थोडं काळं करा

"जरा गोरं करा ना ताई."

हे वाक्य मी दिवसातून किती वेळा ऐकते ते विचारूच नका. शहाद्याला आमचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, निवडणुकीची पत्रकं, कुणी वारलं की गंधमुक्तीची कार्डं, जे येईल ते आम्ही छापतो. नवरा मशीनवर असतो आणि मी कॉम्प्युटरवर, म्हणजे गिऱ्हाइकांच्या तोंडी. ज्याला म्हणून फोटो छापायचा असतो तो माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहतो, खांद्यावरून वाकतो, तोंडाला तंबाखूचा भपकारा, स्क्रीनवर बोट टेकवून त्याचा डाग पाडतो आणि म्हणतो, जरा गोरं करा. नवरीला गोरं करा. बाळाला गोरं करा. वारलेल्या आजोबांना गोरं करा. अहो, गेले ना ते! आता कुणाला दाखवून आणायचंय त्यांना?

मला किळस येते. माणसाच्या गालावरून ती पांढरी छटा फिरवताना वाटतं, आपण भिंतीला चुना देतोय.

मी स्वतः काळी आहे. सावळी नाही, काळी. 'सावळी' हा शब्द लोकांनी माझ्यासारखीच्या तोंडावर बोलायला ठेवलाय, पाठीमागे काळीच म्हणतात. माझ्या लग्नाच्या वेळी स्टुडिओवाल्याने माझा फोटो इतका उजळला होता की आईनेच विचारलं, ही कोण? तो फोटो बघून होकार दिलेला माणूस प्रत्यक्ष बघायला आला, माझ्याकडे बघितलं, फोटोकडे बघितलं आणि म्हणाला, "हां, हाई बरी शे. ती फोटोमधली आजारी वाटत होती." त्याच माणसाशी मी लग्न केलं. तोच आता मशीनवर असतो.

आणि गंमत बघा, आमचा सगळा धंदा काळ्यावर उभा आहे. लोकांना वाटतं, काळं छापायचं म्हणजे काळी शाई ओतली की झालं. डोंबलाचं झालं! नुसती काळी शाई मोठ्या जागेवर छापून बघा, ती काळी दिसतच नाही. पुसलेल्या पाटीसारखी राखाडी दिसते. खोल काळं हवं असेल तर काळ्याच्या खाली निळी शाई द्यावी लागते, थोडी गुलाबी, थोडी पिवळी. त्या तिघी वरून कुणाला दिसत नाहीत, पण त्यांच्यामुळे काळ्याला खोली येते. आणि तेही मापात. आजकाल मोबाइलवर डिझाइन करून आणणारे दीडशहाणे चारही शाया भरभरून ठोकून देतात, एकदम डार्क पाहिजे म्हणून. मग ती शाई वाळत नाही, वरचा कागद खालच्याला चिकटतो, एकाचं तोंड दुसऱ्याच्या पाठीवर उमटतं, आणि तो चिकट, ओला गठ्ठा आम्ही रॉकेलने हात पुसत पुसत सोडवत बसतो. शी! त्या वासाने जेवण जात नाही.

नवरा बोलणारा माणूस नाही, पण काळ्याच्या बाबतीत हट्टी. शीट निघालं की ते घेऊन दारात जातो, उन्हात तिरकं धरतो. ट्यूबलाइटखाली बघितलेलं काळं त्याला मान्य नाही. पसंत पडलं तर काही बोलत नाही, नाही पडलं तर "नही" म्हणतो आणि परत मशीनकडे वळतो.

मागच्या लग्नसराईत एक मुलगी आली, तिच्या काकांबरोबर. तापीकाठचं खातंपितं शेतकरी घर. काका पुढे, मुलगी मागे. काका पंख्याखालच्या खुर्चीवर बसले आणि गाडीची किल्ली बोटात फिरवत राहिले. मुलीचे वडील आले नव्हते. ते मोठ्या भावाच्या शब्दापुढे जात नाहीत, हे मला काकांनीच सांगितलं, आणि तेही अभिमानाने.

"एक गोष्ट पहिलेच सांगी देस ताई," काका म्हणाले. "पत्रिकामा काळी शाई नको."

यात नवीन काही नव्हतं. आमच्याकडे काळ्या अक्षरांत छापतात ते गंधमुक्तीचं कार्ड. लग्नाची पत्रिका लाल, मरून, फार तर हिरवी. कुणी काळ्या अक्षरांत पत्रिका काढली तर म्हातारी माणसं हातात धरत नाहीत. मी म्हटलं, बरं, सगळी अक्षरं मरूनमध्ये घेऊ.

"अक्षरं नही फक्त. बठ्ठी पत्रिका. फोटोमा बी नको."

फोटो मुलीच्या आईचा होता. आई काही वर्षांपूर्वी आजाराने गेली होती, आणि मुलीचा एकच हट्ट होता की पत्रिकेच्या आतल्या पानावर आईचा फोटो हवा, तिच्या आशीर्वादाने लग्न होतंय असं दिसायला हवं. मुलीने मोबाइल माझ्यापुढे धरला. फोटो तिनेच काढलेला. घरात कापसाचा ढीग छतापर्यंत लागलेला, त्याच्यापुढे आई उभी, पदर कमरेला खोचलेला, हसून हसून डोळे बारीक झालेले, गालावर तीळ, गळ्यात मंगळसूत्र. मागे सगळं पांढरं आणि पुढे ही काळीभोर बाई. इतकी देखणी होती की मी बघतच राहिले. वाटलं, चला, एवढ्या वर्षांत एक तरी फोटो जीव लावून छापण्यासारखा आला.

"तो नही," काका म्हणाले. "आमना पोऱ्याने चांगला करेल शे. हाऊ ल्या."

त्यांच्या मोबाइलवरही तोच फोटो होता. म्हणजे तोच म्हणायचा. चेहरा मैद्याचा, ओठ गुलाबी, तीळ गायब. कसल्या तरी ॲपने नाकसुद्धा बारीक केलं होतं. कापूस आणि बाई यांच्यात फरकच राहिला नव्हता. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"काका, ही कोण आहे?"

"कोन म्हणजे? आमनी वहिनी... म्हणजे भावजय."

त्यांनाच धड सांगता आलं नाही. मी मुलीकडे बघितलं. ती मान खाली घालून मोबाइलची काच ओढणीने पुसत होती.

मी म्हटलं, थांबा, एकदा काढून दाखवते. खरा फोटो घेतला, काळी शाई बंद केली आणि उरलेल्या तिघींत एक प्रत काढली. म्हटलं, डोळ्यांनी बघतील तर कळेल. कसलं काय! निळ्या, गुलाबी, पिवळ्या शाईत सगळं मिळून काळं होतं असं शाळेत शिकवतात, पण कागदावर होतो तो चिखल. बाईचे केस चहाच्या चोथ्यासारखे दिसत होते. डोळ्यांत बुबुळंच नव्हती. मंगळसूत्राचे काळे मणी चिंचोक्यांसारखे तपकिरी झाले होते.

"बघा," मी म्हटलं. "मंगळसूत्राचं काय झालं बघा. काळं अशुभ आहे ना? मग सवाष्णीच्या गळ्यात काळे मणी कशाला घालता? लेकराला काळी तीट कशाला लावता?"

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

"ताई, ते वेगळं ऱ्हास."

"बरं, जमीन कशी आहे तुमची?"

काका एकदम खुलले. किल्ली थांबली. "काळी! एकदम काळी कसदार. आख्खा पट्टामा तशी जमीन नही. पानी कमी पडनं तरी ऊस यी जाई."

"म्हणजे जमीन काळी पाहिजे आणि तिच्यात राबणारी बाई गोरी पाहिजे. वा रे वा!"

मशीनचा आवाज बंद झाला. नवऱ्याने मान बाहेर काढून माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला पाठ आहे: बस कर आता. काकांचा चेहरा तांबडा झाला होता. ते म्हणाले, शहाद्यात छापखाने काय कमी आहेत का? मी म्हटलं, नाहीत, खुशाल जा, तिथेही काळ्याशिवाय हाच चिखल मिळेल. जीभ आवरत नाही माझी, काय करू!

तेवढ्यात मुलगी पहिल्यांदा बोलली. "होऊ द्या ताई. काका सांगतील तसं."

तिने असं म्हटल्यावर मी काय बोलणार? लग्न तिचं होतं. आम्ही मरून अक्षरांची पत्रिका काढली आणि आतल्या पानावर ती मैद्याची बाई; केसा-डोळ्यांपुरती काळी शाई काकांना चालली. मांडवाच्या दारात लावायचं मोठं फ्लेक्सही काकांनी तेच करून घेतलं, माणसापेक्षा मोठा चेहरा. फ्लेक्स मशीनमधून हळूहळू बाहेर सरकत होतं, आधी ते पांढरं कपाळ, मग ते गुलाबी ओठ, आणि मी तिकडे पाठ करून बसले. इतका घाणेरडा माल आमच्या हातून कधी गेला नाही. छपाई मात्र स्वच्छ होती, हे सांगायला लाज वाटते.

काही दिवसांनी मुलगी एकटी आली. दारातच उभी राहिली. मी म्हटलं, ये ना, पत्रिका कमी पडल्या का? ती आत आली आणि भडाभडा बोलायला लागली, तेही घरच्या भाषेत.

"ताई, मांडवमा मायना फोटो खुर्चीवर ठेवतंस. बोहल्यावर चढाना पहिले मी तिना पाया पडसू. काका म्हणतंस तोच फोटो फ्रेम करू. मी कोना पाया पडू ताई? त्या गोरी बाईना? तिले ते मी वळखत बी नही."

मी तोंड स्क्रीनकडे वळवलं. गिऱ्हाइकासमोर रडायला मला आवडत नाही.

"मन्ही माय जशी व्हती तशी करी द्या," ती म्हणाली. "एकच. मोठा."

मी खरा फोटो घेतला आणि बसले. पहिली प्रत काढली ती फसली. बाई काळी म्हणून मी तिच्या चेहऱ्यात काळी शाई वाढवली होती, आणि चेहरा राखेने माखल्यासारखा झाला. माझ्या लक्षात यायला हवं होतं. काळ्या माणसाच्या कातडीत काळी शाई फार घालायची नसते. तिथे खाली लाल असतो, पिवळा असतो, रक्त असतं. चेहऱ्यातली काळी शाई मी जवळजवळ काढून टाकली. खरं काळं घालायचं ते केसांत, बुबुळांत, मण्यांत. ते खोल गेलं की चेहरा आपोआप जिवंत होतो, आणि ते फिकं राहिलं की सगळी बाईच आजारी दिसते. केसांत काळ्याखाली निळा दिला, मण्यांत थोडा जास्त. दुसरी प्रत काढली. माझ्या नवऱ्याने ती प्रत उचलली, दारात नेली, उन्हात तिरकी धरली.

"नही," तो म्हणाला.

मुलगीही दारात गेली. तिने बाही कोपरापर्यंत सारली आणि आपला हात त्या कागदाला लावून धरला. "मायना रंग मन्हा हातना सारखाच व्हता," ती म्हणाली. "बठ्ठा म्हणेत, दोन्ही एकच कापड शेत." कागदावरचा गाल हाताच्या मानाने उजळ होता. ती माझ्याकडे वळून म्हणाली:

"ताई, अजून थोडं काळं करा."

एवढी वर्षं त्या खुर्चीत बसतेय मी. लोकांनी हजारदा गोरं करायला सांगितलं असेल. अजून काळं करा असं मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. माझा हात माऊसवर थांबला आणि मी चष्मा काढून उगीचच पुसला.

पुढची प्रत निघाली ती नवऱ्याने दारात नेली, मुलीने हात लावला. उन्हात हात कुठे संपतो आणि गाल कुठे सुरू होतो ते कळेना. तीळ जागेवर होता. मणी ओले असल्यासारखे चमकत होते. नवरा काही बोलला नाही, मशीनकडे गेला. मुलीने कागद वाळायची वाट बघितली, तोवर ती त्याच्यासमोर स्टुलावर बसून होती, आणि मधेच एकदा त्या फोटोकडे बघून हसलीसुद्धा.

लग्न पुरुषोत्तमनगरला होतं, साखर कारखान्याच्या वसाहतीत. मला आवतण होतं ते मुलीचं, काकांचं नव्हे. दारातच ते फ्लेक्स. वाऱ्याने फुगत होतं आणि ती गोरी बाई पोट धरून हसतेय असं वाटत होतं. मी मान वळवून आत गेले.

आत बोहल्याच्या बाजूला खुर्ची, खुर्चीवर आमची फ्रेम, मुलीने स्वतः आणून ठेवलेली. आणि फ्रेमवर झेंडूचा एवढा जाड हार की दिसत होतं फक्त कपाळ आणि एक कान. मी जाऊन हार बाजूला सारला. थोड्या वेळाने बघते तर काका येऊन परत ओढून गेलेले. मी परत सारला. ते परत आले. आता आमच्या वयाची माणसं भर मांडवात एका हारासाठी खेचाखेच करतायत, काय शोभा! ते दबक्या आवाजात म्हणाले, "ताई, व्याही लोके देखतंस. फोटो भलता काळा उना तुमना."

"फोटो नाही, काका. माणूस काळं होतं."

ते तसेच निघून गेले, हार तोंडावर टाकून.

मी चिडून खुर्चीत येऊन बसले. तेवढ्यात माझ्या शेजारी एक म्हातारी येऊन टेकली. मुलीची मावशी, कळसाडीहून आलेली, एका डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा. बहिणीसारखीच काळीभोर. ती मला म्हणाली, "वं बाई, दरवाजावर ती कोन शे? पुढारीन शे का?"

मला हसू आलं. सख्खी बहीण! तिच्या माणसापेक्षा मोठ्या फोटोखालून चालत आली, आणि विचारतेय कोण पुढारीण. मी तिला म्हटलं, मावशी, चला, तुमची बहीण दाखवते. तिचा हात धरून तिला खुर्चीपाशी नेलं. हार मी सारणार तेवढ्यात तिनेच दोन्ही हातांनी तो उचलला आणि सरळ फ्रेमच्या मागे टाकला. वाकली. चष्मा वर केला.

"अय माय! तू आठे बठेल शे का! मी कव्हयनी तुले देखी ऱ्हायनी."

आणि पदराने काच पुसायला लागली. गालावरून, तिळावरून, केसांवरून. पुसता पुसता बोलत होती, ऊस तुटला का, पाय दुखतो, यायला उशीर झाला म्हणून रागावू नको. व्याह्यांकडच्या बायकासुद्धा पुढे येऊन बघू लागल्या. काका लांब उभे होते, त्यांना आता हाराकडे जाता येईना.

तेव्हा नवरीला आणलं. पाया पडायला. ब्यूटी पार्लरवालीने काय केलं होतं देव जाणे! चेहरा तसाच मैद्याचा, गळ्यापर्यंत पांढरा, हातावर कोपरापर्यंत मेंदी आणि बांगड्या. दाराच्या फ्लेक्सवरची बाईच चालत आली. आईच्या फोटोला आपला हात लावून रंग बघणारी ती मुलगी मला सापडेना. म्हटलं, हरलो आपण. मेलेली वाचवली आणि जिवंत ती गेली.

नवरी फोटोपुढे वाकली, डोकं टेकलं, उठली. मावशी तिच्याकडे बघत होती. मग मान वळवून इकडे तिकडे बघायला लागली.

"आनि पोर कोठे शे?" मावशीने विचारलं. "मन्ही पोर कोठे शे?"

"मावशी," नवरी म्हणाली, "मीच शे ना."

"तू?"

म्हातारीला खरंच ओळख पटत नव्हती. नवरी एकदा फोटोकडे वळली, तिथे आई हसत होती, डोळे बारीक करून, तीळ जागच्या जागी. मग तिने मावशीच्या पदराचं टोक हातात घेतलं, शेजारच्या स्टुलावरच्या बाटलीतल्या पाण्याने भिजवलं आणि आपल्या गालावरून खसाखसा फिरवलं. एकदा, परत एकदा.

"मेकअप!" काका ओरडले. "अरे, मेकअप बिघडी जाई! फोटो काढना शेत!"

कुणी ऐकलं नाही. पदर पांढरा झाला आणि गाल काळा. मावशीने तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, माझा नवरा शीट वळवतो तसा.

"हां," ती म्हणाली, "आते वळखू यी ऱ्हायनी तू."